कार्यालय हलवण्यापूर्वी
पणजीतले कार्यालय पर्वरीला हलवण्याची जबाबदारी प्रथमच आपल्याकडे आली असेल, तर टेम्पो ठरवण्याआधी इंटरनेटच्या जोडणीसाठी अर्ज करावा. लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्या कार्यालयासाठी राखीव इंटरनेट जोडणी, मिळायला अनेकदा कित्येक आठवडे लागतात, आणि स्टॅटिक आयपी (कार्यालयाचा इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) बदलला की फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी यंत्रणा) व व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) यांची मांडणीही बदलावी लागते. पावसाळा शक्यतो टाळावा. चतुर्थीच्या दिवसांत तर माणसेच मिळत नाहीत. सर्व्हर बंद करण्यापूर्वी बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता तो दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. नवी जोडणी आठवडाभर सुरळीत चालेपर्यंत जुनी तोडू नये. दुहेरी बिल लेखापालांना खटकेल, खटकू द्यावे.