प्रेक्षकही प्रयोगात

प्रश्न : ‘रॉकी हॉरर शो’ या इंग्रजी रॉक संगीतिकेला प्रेक्षक विचित्र वेशभूषा करून जातात आणि चालू प्रयोगात ओरडतात, असे वाचले. हा नाटकाचा अवमान नव्हे काय?

उत्तर : मुळीच नव्हे. रिचर्ड ओब्रायन यांची ही संगीतिका जून 1973मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावरील जेमतेम 63 आसनांच्या सभागृहात रंगली आणि स्त्रीवेशातील शास्त्रज्ञाची ही विक्षिप्त कथा तिथल्या रसिकांनी तत्काळ डोक्यावर घेतली. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र 1975मध्ये ती सपशेल आपटली. त्याच वर्षी आलेला चित्रपटही प्रारंभी चालला नाही. परंतु 1976पासून न्यूयॉर्कमध्ये त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि तेथेच पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रेक्षकांनी संवादांना उत्तरे देण्याची प्रथा पाडली. लग्नाच्या प्रसंगी तांदूळ उधळायचे, नायिका पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरते तेव्हा आपणही धरायचे आणि काहींनी पिचकाऱ्या मारायच्या, असा हा रिवाज आहे. पुढे तो रंगमंचीय प्रयोगांतही आला. प्रत्यक्ष रंगमंचावर नट घसरण्याचा धोका असल्याने अनेक नाट्यगृहे वस्तू फेकू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आरोळ्यांना मात्र मुभा असते. निवेदकाची भूमिका करणारा नट त्यांना उत्स्फूर्त प्रत्युत्तर देतो, तेव्हा त्याच्या हजरजबाबीपणाची खरी कसोटी लागते. आपल्या संगीत नाटकांतील ‘वन्समोअर’ही नाटक थांबवूनच मागितला जात असे, आणि गायक नट त्याने सुखावतच असत.