वाचक विचारतात: सव्वीस लाख रुपये किलोची कॉफी

गेल्या अंकात पनामाच्या गेशा या जातीच्या कॉफीचा नुसता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून एकत्र केलेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये पनामाची एक कॉफी किलोला ३०,२०४ डॉलरला विकली गेली असं वाचलं. खरं आहे का हो? की काळा पैसा पांढरा करायची भानगड? (एक वाचक, डोंबिवली)

खरं आहे काका. बेस्ट ऑफ पनामा या तिथल्या कॉफी-स्पर्धेच्या लिलावात हासिएन्दा ला एस्मेराल्दा या मळ्याची ही गेशा, आणि मळा पीटरसन कुटुंबाचा. आपल्याकडे तेव्हाच्या भावाने किलोमागे सव्वीस लाखांच्या आसपास झाले. पण हेडलाइन वाचून जे राहून जातं ते असं की तो पूर्ण लॉटच २० किलोचा होता, आणि तो दुबईच्या एका कॉफीवाल्याने उचलला. आता हिशोब करा, कच्ची बी भाजली की वजन साधारण पंधरा टक्के घटतं, कपाला पंधरा ग्रॅम धरले तर एका कपातली नुसती बीच पंचेचाळीस हजारांच्या पुढे जाते, दुकानाचं भाडं आणि कप धुणाऱ्याचा पगार वेगळाच! लिलाव ऑनलाइन असतो, बोली सगळ्यांना दिसते, त्यामुळे मला त्यात भानगड वाटत नाही, जाहिरात मात्र नक्की वाटते. ज्याने घेतली त्याचं नाव जगभर छापून आलं ना. त्याच मळ्याची बाकीची गेशा याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते, तीही चांगलीच असते.

गेशा म्हणजे जपानी झाड ना? आणि ते नेमकं एकाच कुटुंबाला कसं सापडलं? (सांगलीहून)

जपानचा काही संबंध नाही, गेशा हा इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडचा जंगलाचा भाग, बी तिथली. १९३० च्या दशकात इंग्रजांनी तिथून बी गोळा केलं, ते केनिया, टांझानिया असं फिरत १९५३ मध्ये कोस्टा रिकात तुरियाल्बाच्या संशोधन केंद्रात पोचलं, तिथे त्याला टी २७२२ असा नंबर मिळाला. तिथून १९६० च्या दशकात पनामात आलं, आणि तेही चवीसाठी नाही बरं का, तांबेरा या पानांवरच्या रोगाला तोंड देईल म्हणून. शेतकऱ्यांना काही ते आवडलं नाही. झाड उंच वाढतं, फांद्या ठिसूळ, फळ कमी. मग कोण लावतंय, लोकांनी एक तर काढून टाकलं नाहीतर बांधाला चार झाडं राहू दिली आणि त्याची फळं बाकीच्या फळांतच तोडून मिसळत राहिले.

म्हणजे बघा, चाळीस वर्षं हे झाड पनामात होतं, त्याची कॉफी लोक पीत होते आणि कुणालाच पत्ता नव्हता!

पीटरसनांचा मळा चिरिकी प्रांतात बोकेतेला, बारू ज्वालामुखीच्या उतारावर. आधी तिथे गाईगुरं होती, कॉफीकडे ते नंतर वळले. १९९६ मध्ये त्यांनी वर हारामियोची जमीन घेतली. पुढे पानांवर गोल डाग पाडणाऱ्या बुरशीने कॉफीचं नुकसान केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काही उंच झाडं, म्हणजे हीच गेशा, टिकून आहेत, मग ती आणखी वर लावली. आणि मग धाकटे पीटरसन, डॅनियल, यांनी जे केलं ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं काम आहे. त्यांनी मळ्याच्या एकेका भागाची फळं वेगवेगळी तोडली, वेगवेगळी भाजली आणि वेगवेगळी चाखली. एका भागाच्या कपात चमेली, बर्गमॉट (एक सुवासिक लिंबू), पीच असला वास, कॉफीत कुणी ऐकलेला नव्हता. २००४ च्या स्पर्धेत पहिला नंबर आला आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले, साधी कॉफी तेव्हा पौंडाला एक डॉलरच्याही खाली होती. २०१३ मध्ये ३५० डॉलर. २०१९ मध्ये शेजारच्या लामास्तुस कुटुंबाच्या एलिदा मळ्याने १,०२९ डॉलर घेतले, तेही पौंडालाच.

जात चांगली होतीच हो, पण ती वेगळी काढून चाखली नसती तर आजही बाकीच्या पोत्यातच गेली असती.

ही तीच का, मांजराच्या विष्ठेतून काढतात ती? (अनेकांनी विचारलंय)

नाही. ती इंडोनेशियाची कोपी लुवाक, उदमांजराची. गेशाशी तिचं काही नातं नाही, आणि त्या जनावरांना पिंजऱ्यात कोंडून जे चालतं ते बघता मी ती घेणारही नाही.

मी ऑनलाइन गेशा लिहिलेलं पाकीट मागवलं, बऱ्यापैकी महाग पडलं. घरी दूध-साखर घालून केली, यांना म्हटलं प्या, तर म्हणाले आपली नेहमीचीच बरी. फसवलं का मला? (नागपूरच्या एक ताई)

ताई, फसवलं की नाही ते पाकीट बघितल्याशिवाय कसं सांगू, पण पहिली गोष्ट म्हणजे दूध-साखर. त्यात चमेली कुठून सापडणार! ही कॉफी हलकी भाजतात, आपल्या फिल्टर कॉफीसारखी कडक लागतच नाही, आणि चिकोरीची सवय असलेल्या जिभेला ती पाणचट वाटते, यात यजमानांची चूक नाही. आता असं करा, बारा ग्रॅम जाडसर दळलेली पूड ग्लासात घ्या, पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा, मग २०० मिली ओता, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका आणि गाळून कोमट झाली की प्या. गरम असताना वास येतो, चव मात्र गार होताना उलगडते.

दुसरं, पाकीट. देवगड हापूस लिहिलेल्या पेटीत काय काय निघतं ते तुम्हाला माहितीय, तसंच इथेही. गेशा नावाने विकल्या जाणाऱ्या झाडांत जनुकं तपासली तर बरीच वेगळी निघालीत, सगळी काही पनामावाली नाहीत. पाकिटावर मळ्याचं नाव, उंची, हंगाम आणि भाजल्याची तारीख हवी. नुसतं गेशा आणि सोनेरी झाकण असेल तर पैसे वाचवा.

चिखलदऱ्याजवळ आमची थोडी जमीन आहे. तिथे कॉफी होते. गेशा लावली तर? (अमरावती जिल्हा)

उत्साह मोडायचा नाही, पण नका लावू, निदान सगळ्या जमिनीत तर अजिबात नको. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर, कॉफी तिथे इंग्रजांच्या काळापासून आहे हे खरं, पण बोकेतेची गेशा दीड हजारांच्या वर, थंड रात्री आणि ढगांत हळूहळू पिकते, तो वासही त्यातूनच येतो. खाली लावली की झाड तेच पण कप साधा, वर उत्पन्न कमी, आणि आपल्याकडे अरेबिकाला (गेशा त्याच प्रकारातली) पांढरा खोडकिडा लागतो तो ऊन लागणाऱ्या, सावली कमी असलेल्या झाडांना जास्त. एस ७९५ किंवा चंद्रगिरी या आपल्याच जाती बघा, दोन्ही चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातून आलेल्या. रोपं घ्यायच्या आधी तिथे एक चक्कर मारून माती आणि सावलीबद्दल विचारून या. आणि जी झाडं आत्ता आहेत त्यांची फक्त लालबुंद फळं यंदा वेगळी तोडा, वरच्या बांधाची वेगळी आणि खालची वेगळी, वाळवा, भाजा, शेजारी शेजारी ठेवून चाखा. काय लागतं ते मला जरूर कळवा, पुढच्या अंकात घेऊ.