पाया वजा दोन असेल तर ११०१० कसं वाचायचं?

प्रश्न असा आलाय की वजा दोन हा पाया घेऊन (पाया म्हणजे डावीकडे एक घर सरकलं की स्थानिक किंमतीला जितक्याने गुणायचं ती संख्या, रोजच्या लिहिण्यात दहा) सहा ही संख्या ११०१० अशी लिहिली, तर ती 'अकरा हजार दहा' वाचायची का, आणि 'हा अंक सम आहे' म्हणायचं की 'ही संख्या सम आहे'?

अकरा हजार दहा अजिबात नको. दहा, शंभर, हजार या शब्दांच्या पोटातच दहाचा पाया बसलाय आणि इथे स्थानिक किंमती उजवीकडून १, −२, ४, −८, १६ अशा जातात, म्हणजे १६ − ८ − २ झाले सहा. त्यामुळे सरळ 'एक एक शून्य एक शून्य' असं सुटं वाचायचं, आणि 'दशक स्थान' पण म्हणू नका, 'उजवीकडून दुसरं घर' म्हणा. (कमी करून संख्या सांगणं तसं आपल्याला नवीन नाही, एकोणतीस म्हणजे एक ऊन तीसच की.)

आता अंक की संख्या. अंक म्हणजे नुसतं चिन्ह, या पद्धतीत ० आणि १ एवढेच दोन. संख्या म्हणजे आपण जे मोजलं ते. बोलताना सगळेच घोळ घालतात, मीसुद्धा, पण इथे घोळ महागात पडतो. सम असणं हा संख्येचा गुण, सहाच्या दोन सारख्या वाटण्या होतातच, लिहा कशातही. 'शेवटचा अंक सम तर संख्या सम' हा मात्र लिहिण्याच्या पद्धतीचा गुण झाला. पाया तीन घेतला तर पाच ही संख्या १२ अशी लिहितात, शेवटी २ आहे म्हणून काय पाच सम झाले का? वजा दोनमधे ही खूण चालते, शेवटी ० की सम.

मला खरी मजा तीनच्या कसोटीत वाटते. प्रत्येक घराची किंमत तीनच्या पटीपेक्षा एकने जास्त असते, −२ म्हणजे −३ + १, ४ म्हणजे ३ + १, −८ म्हणजे −९ + १, असं पुढे चालूच, म्हणून नुसते १ मोजायचे, ते तीनच्या पटीत आले की संख्येला तीनने भाग जाणार. ११०१० मधे तीन आहेत, झालं काम. दशमानात नऊची कसोटी अंकांच्या बेरजेने करतो त्याचंच हे भावंड.

आणि वजाचं चिन्ह लागतच नाही. शून्य सोडलं तर, घरं मोजून विषम भरली की संख्या धन, सम भरली की ऋण. वजा एक लिहायचे तर ११, आता याला अकरा म्हणून बघा! व्हित्तोरियो ग्रुनवाल्ड या इटालियन गणितज्ञाने १८८५ मधेच असे ऋण पाये मांडले होते.

नावाचं म्हणाल तर 'ऋण द्विमान' चुकीचं नाही, पण ऐकणारा नुसतं द्विमान (म्हणजे पाया दोन) पकडतो, म्हणून मी 'पाया वजा दोन' म्हणतो. आणि तो पाया अक्षरातच लिहा, कारण कुठलाही पाया त्याच्या स्वतःच्या पद्धतीत १० असाच लिहिला जातो, वजा दोनसुद्धा.