गाण्याच्या साथीचा कीबोर्ड घेण्याआधी बटणं चाचपून बघ

दुकानात आवाज सगळेच ऐकतात. तू डोळे मिटून डावा हात बटणांवरून फिरव. फिल-इन (चालू तालात मध्येच छोटा तुकडा भरणारं बटण) आणि एंडिंग (ताल संपवणारं बटण) एकमेकांना चिकटून असतील तर सावध राहा. फोंड्याला चतुर्थीच्या कार्यक्रमात, मंडपातल्या मंद उजेडात, माझं बोट फिल-इनऐवजी एंडिंगवर पडलं आणि गायिका अंतऱ्यात असतानाच ताल संपला. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

ट्रान्सपोजला, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायला, वेगळं बटण हवंच. तू पांढरी १ या पट्टीत वाजवतोस, गायक ऐनवेळी काळी २ मागतो, म्हणजे तीन सूर वर. तेव्हा +३ करायला मेनूत शिरून कसं चालेल? स्टाइल (तालाचा साचा), टेम्पो (लय), आवाज गाण्यागणिक रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या बटणांत, साठव, एका बोटात सगळं हजर. पेनड्राइव्हवर त्याची प्रत मात्र ठेव.