काउंटरवरचं चित्रण पुसलं जाण्याआधी

प्रश्न : ठाण्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत मी रोज बसते. कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा दावा चालू आहे. दिराने ‘आम्ही घरचेच’ सांगून लिपिकाकडून सीसीटीव्ही पाहिला, मोबाइलवर क्लिप घेतली, देवघेव रजिस्टरातल्या माझ्या पानाचा फोटोही काढला. दोनदा तोंडी तक्रार केली. बारा दिवस झाले. काय करू?

उत्तर : ताई, तोंडी तक्रारीचा पुरावा काय? बारा दिवसांत एक कागद दिला असतात तर अर्धं काम झालं असतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत हाच घोळ असतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने ठरलं. पण तेवढ्यावर ती क्लिप बाद होईल, या भरवशावर राहू नका. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ न्यायाधीशांना पुराव्याच्या नेहमीच्या नियमांपलीकडे जाऊ देतं.

तुमचा खरा आधार देवघेव काउंटरच्या कॅमेऱ्यात असणार. दीर मॉनिटरसमोर मोबाइल धरून उभा आहे, लिपिक रजिस्टर उघडून देतो आहे, हे तिथेच सापडेल. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याने. माहिती अधिकारात चित्रण मागाल तर उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, शिवाय अनुदानित ग्रंथालय त्या कायद्यात बसतं का, हा वाद वेगळाच.

म्हणून उद्या ग्रंथालय उघडताच लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा आणि ‘हे चित्रण जपून ठेवावे, न्यायालयात मागवले जाणार आहे’ एवढंच लिहा. आवक क्रमांक आणि शिक्का घ्या; नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा. प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना. याच आठवड्यात वकिलांकडून चित्रण हजर करण्याचा अर्ज न्यायालयात लावा, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही मागा. न्यायालयाची तारीख दोन महिन्यांनी पडेल, डिस्क तोवर थांबणार नाही.

तपासासाठी अशा नोंदी हव्या असतील तर पोलिसांनाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ९४ खाली लेखी आदेश द्यावा लागतो. मग दिराला कोणत्या कागदावर दाखवल्या? एखादी बाई कोणती पुस्तकं घरी नेते, हे तिच्या सासरच्यांना सांगायचा अधिकार लिपिकाला कुणी दिला? अर्जात हा प्रश्न जरूर घाला.

भरपाईचं आज खात्रीने सांगता येत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दीर क्लिपवरून धमकावत असेल तर मात्र पोलीस ठाण्यात जा, तिथेही लेखीच.

शिक्क्याची प्रत हातात पडली की तिथेच उभं राहून फोटो काढा आणि वकिलांना पाठवा.