कोणतं सनस्क्रीन, कोणती गोळी?

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, कोणतं सनस्क्रीन चांगलं आणि व्हिटॅमिनची कोणती गोळी घेऊ, असे दोनच प्रश्न होते पण उत्तर जरा लांबणार आहे. ब्रँडचं नंतर बघू, आधी किती आणि कधी ते समजून घे, कारण बहुतेकांची गडबड तिथेच होते.

ट्यूबवर एसपीएफ ५० लिहिलेलं असतं ना, म्हणजे क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचं माप, तो आकडा लॅबमध्ये दर चौरस सेंटीमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेला असतो, आणि आपण लावतो त्याच्या निम्मं, कधी कधी तर पावच. मग ५० चा फायदा मिळणार कुठून? तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ ओढ, चेहरा आणि मानेला तेवढं लागतं. पहिल्यांदा वाटेल की अरे बापरे एवढं, पण एवढंच लागतं. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचा वरचा भाग हे हमखास राहून जातात. बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत लावायचं, घाम आला किंवा पोहून आलास तर लगेच. ३० वालं साधारण ९७% यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतं आणि ५० वालं ९८%, म्हणजे महागातलं ५० पुरवून पुरवून लावण्यापेक्षा साधं ३० भरपूर लावलेलं कधीही बरं. फक्त 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं, असं लिहिलंय का बघ, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, त्वचेत जास्त खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांचा नाही.

पण माझ्या मते क्रीमचा नंबर शेवटी. आधी सावली, मग पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, गॉगल. फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा दिसतो, ३ किंवा त्याच्या वर असला की काळजी घ्यायची. फोन नसला तरी स्वतःची सावली बघ, ती तुझ्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे. आणि गारवा आहे, ढग आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस, पातळ ढगांतून बरेचसे यूव्ही किरण खाली येतात, उंच डोंगरावर ते आणखी तीव्र असतात आणि ताज्या बर्फावरून तर उलटून अंगावर येतात. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डबल काळजी घे, या औषधांनी त्वचा उन्हात पटकन भाजते, हे खूप जणांना कोणी सांगतच नाही.

आता गोळीचं. व्हिटॅमिन डी त्वचेत तयार होतं ते यूव्हीबीमुळे, आणि यूव्हीबी साध्या काचेतून जवळजवळ येतच नाही, त्यामुळे बंद खिडकीशी बसून काही मिळत नाही. यूव्हीए मात्र काचेतून येतं, म्हणजे फायदा नाही आणि नुकसान तेवढं होतं. तरीही कोणी सांगितलं म्हणून डीचे मोठे डोस सुरू करू नकोस, आधी डॉक्टरांना विचार, त्यांनी सांगितली तर रक्ततपासणी कर. डी व्हिटॅमिन शरीरातल्या चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो.

लोह कमी असेल तर जेवणावर लिंबू पिळ, पेरू-संत्र्यासारखं सी व्हिटॅमिनवालं काहीतरी सोबत खा, कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह त्यानं जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र जेवणानंतर तासभर थांबून. पूर्ण शाकाहारी असशील तर बी१२ ची पातळी डॉक्टरांकडून नक्की बघून घे, आणि दूध-अंडंही खात नसशील तर बी१२ ची गोळी किंवा बी१२ घातलेले पदार्थ लागतातच.

पाकिटबंद काही घेताना पाकिटाची मागची बाजू वाच, हे मी हात जोडून सांगतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून साखर पहिल्या तिनात असेल तर समजून जा. कधी ती ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज अशा वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते, म्हणजे प्रत्येक नाव खाली जातं आणि बेरीज तेवढीच राहते. आकडे '१०० ग्रॅमला' आहेत की 'एका सर्व्हिंगला', म्हणजे एका वेळच्या वाट्याला, हेही बघ, छोट्या पाकिटातही कधी कधी अडीच सर्व्हिंग असतात आणि आपण अख्खं संपवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर आणि मध-ज्यूसमधली साखर मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १०% पेक्षा कमी, जमलं तर ५%, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. गोड शीतपेयाच्या एका कॅनमध्येच त्याहून जास्त असू शकते. मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे दिवसाला जेमतेम एक सपाट छोटा (चहाचा) चमचा, आणि त्यात बिस्किटं, सॉस, चिप्समधलंही धरायचं.

एक महत्त्वाचं. उन्हात कोणी बडबडायला लागलं, गोंधळलं, अंग तापलं तर पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नकोस, आधी अँब्युलन्स बोलव, सावलीत ने, कपडे सैल कर आणि ओल्या फडक्याने, वाऱ्याने अंग गार कर.

सनस्क्रीन घेशील तेव्हा एक्सपायरी बघ आणि ट्यूब तापलेल्या गाडीत सोडू नकोस, खराब होते. तपासणी केलीस तर रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखव, मग मला पाठव.

काळजी घे.