चेंडू आला की डोळे मिटतात

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. चेंडू टाकला की डोळे मिटून तोंड फिरवते. काही दोष असेल का?

उत्तर : या वयात असं होतंच, तिला रागावू नका. या वयाची बरीच मुलं हात ताठ पुढे धरतात आणि चेंडू छातीशी कवटाळतात. नुसत्या पंजांनी झेलणं साधारण सहा-सातव्या वर्षी जमू लागतं. टणक चेंडू एकदा नाकावर बसला की भीती बसते. म्हणून आधी फुगा. तो सावकाश उतरतो, नजर त्याच्यावर ठरते. मग 20 सेंमीचा मऊ चेंडू दीड मीटरवरून, हात खालून आणत, छातीच्या उंचीवर टाका. तिची कोपरं किंचित वाकलेली हवीत. मान वाकडी करून बघत असेल किंवा चालताना सारखी धडपडत असेल, तर मात्र डोळे तपासून घ्या.